एकसष्टाचे उत्तर : १७६६३१९०४९ या संख्येची कथा

१/
१७६६३१९०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास.

इ. स. ११५० मध्ये लिहून झालेल्या एका संस्कृत ग्रंथात ही संख्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. त्यानंतर ५०७ वर्षांनी फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयातील एका अधिकाऱ्याने नेमका तोच प्रश्न, नेमका तोच आकडा घेऊन, पॅरिसमधील एका गणितज्ञाला घातला. उत्तर आधीच लिहिले गेले आहे, याची त्याला कल्पना असल्याची कोणतीही खूण सापडत नाही. हा थ्रेड त्या संख्येचा, आणि तिच्या श्रेयावरून झालेल्या गोंधळाचा.

२/
प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. शून्य सोडून अशी एक पूर्ण संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता येणारी बेरीजही पूर्ण वर्गच असेल.

१ घेतला तर ६१ + १ = ६२. वर्ग नाही.
२ घेतले तर २४४ + १ = २४५. वर्ग नाही.
३ घेतले तर ५४९ + १ = ५५०. नाही.

असे करीत कोठवर जावे लागते? २२६१५३९८० पर्यंत. त्या आधी एकही संख्या चालत नाही. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की १७६६३१९०४९ चा वर्ग मिळतो.

३/
६१ च्या शेजारच्या संख्या पाहिल्या म्हणजे आश्चर्य वाढते.

६० साठी उत्तर ४ : ६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग.
६२ साठी ८ : ६२ × ६४ + १ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग.
६३ साठी तर नुसता १ पुरतो : ६३ + १ = ६४.

या तिघांच्या शेजारात ६१ बसलेला आहे आणि त्याचे सर्वांत लहान उत्तर बावीस कोटींच्या घरात आहे. शंभराच्या आतील कोणत्याही संख्येला एवढे मोठे उत्तर लागत नाही.

४/
एका मिनिटात एक संख्या तपासणारा, न झोपणारा, न जेवणारा मनुष्य कल्पनेत आणा. २२६१५३९८० मिनिटे म्हणजे सुमारे ४३० वर्षे. ११५० साली पाटी घेऊन बसलेला हा गृहस्थ १५८० च्या सुमारास उठला असता. तेव्हा अकबर दिल्लीच्या तख्तावर आहे आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला पन्नास वर्षे आहेत.

म्हणून हे उत्तर ज्या ग्रंथात आहे, तेथे ते चाचपडत सापडलेले असणे शक्य नाही. त्यामागे रीत असलीच पाहिजे. सुदैवाने ती रीत ग्रंथातच दिलेली आहे.

५/
ग्रंथ भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ रचला, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, म्हणजे इ. स. १११४ आणि ११५०. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव आणि महेश्वर हे आपले वडील व गुरू, हेही तेच सांगतात. विज्जलविड म्हणजे आजचे नेमके कोणते गाव, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही.

एकसष्टाचा प्रश्न ‘बीजगणित’ या भागात आहे, त्याच्या जोडीला ६७ चा. (६७ चे उत्तर बरेच सौम्य : ५९६७ आणि ४८८४२.)

६/
पण कथा भास्कराचार्यांपासून सुरू होत नाही. ती आणखी पाच शतके मागे जाते.

इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल येथील ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. हे भिल्लमाल म्हणजे राजस्थानातील आजचे भीनमाळ. या प्रकारच्या प्रश्नांना संस्कृत गणितात ‘वर्गप्रकृति’ असे नाव आहे. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृति’ (येथे ६१), लहान मूळ ते ‘कनिष्ठ’, मोठे मूळ ते ‘ज्येष्ठ’, आणि जी संख्या मिळवायची अथवा वजा करायची ती ‘क्षेप’. आपल्याला १ हा क्षेप हवा आहे.

७/
ब्रह्मगुप्ताची मोठी सूझ अशी : क्षेप १ असलेले उत्तर थेट सापडत नसेल, तर कोणत्याही क्षेपाचे सोपे उत्तर घ्या आणि दोन उत्तरांचा एकमेकांशी संयोग करा. या संयोगाला ‘भावना’ म्हणतात.

ज्येष्ठास ज्येष्ठाने गुणा, कनिष्ठास कनिष्ठाने आणि प्रकृतीने गुणा. दोन्हींची बेरीज हे नवे ज्येष्ठ. मग ज्येष्ठ-कनिष्ठांचा तिरका गुणाकार करून बेरीज घ्या. ते नवे कनिष्ठ. नवा क्षेप म्हणजे जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार.

दोन उत्तरे मिसळून तिसरे उत्तर निर्माण करायचे, ही कल्पना आजच्या बीजगणिताच्या विद्यार्थ्याला अगदी ओळखीची वाटेल. सातव्या शतकात तिचा एवढा स्वच्छ वापर पाहून मात्र मन थबकते.

८/
ब्रह्मगुप्ताने स्वतः ९२ आणि ८३ ही उदाहरणे घातली, आणि जो हे वर्षभरात सोडवील तो गणक, असा शेराही मारला. ९२ चे उत्तर १२० आणि ११५१.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. क्षेप ४ किंवा उणे ४ पर्यंत पोहोचलात, तर तेथून १ पर्यंत नेणारी वाट तयार आहे. उणीव एवढीच, की प्रत्येक संख्येसाठी ४ पर्यंत कसे पोहोचायचे, याची हमखास रीत त्याच्याकडे नव्हती.

९/
ती उणीव ‘चक्रवाल’ पद्धतीने भरून काढली. चक्रवाल म्हणजे वर्तुळ, फेरा. एका उत्तरातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे काढत जायचे. दर फेरीत क्षेप लहानच ठेवायचा. आणि फिरता फिरता १ वर यायचे. भास्कराचार्यांनी एकसष्टावर ती कशी चालवली, ते पाहू. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास दहा मिनिटांचे काम आहे.

१०/
आरंभ : ८ चा वर्ग ६४. त्यातून ६१ × १ वजा केले की ३ उरतात. म्हणजे ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३.

आता अशी संख्या निवडा, की ती ८ मध्ये मिळवली असता बेरजेला ३ ने नि:शेष भाग जाईल, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. उमेदवार : १, ४, ७, १०. त्यांचे वर्ग १, १६, ४९, १००. ६१ पासूनची अंतरे ६०, ४५, १२, ३९. निवड ७ ची.

नवे कनिष्ठ : (८ + ७) ÷ ३ = ५.
नवे ज्येष्ठ : (८ × ७ + ६१) ÷ ३ = ११७ ÷ ३ = ३९.
नवा क्षेप : (४९ − ६१) ÷ ३ = −४.

पडताळा : ३९ चा वर्ग १५२१; ६१ × २५ = १५२५. वजाबाकी उणे चार.

११/
एकाच फेरीत उणे ४! येथून पुढे ब्रह्मगुप्ताची वाट.

दोन्ही मुळे निम्मी केली की क्षेप −१ होतो : ३९/२ आणि ५/२.
या जोडीची स्वतःशीच भावना : १५२३/२ आणि १९५/२, क्षेप १.
क्षेप १ आला, पण संख्या अपूर्णांकात आहेत. थांबता येत नाही.
पहिल्या दोन जोड्यांची परस्परांशी भावना : २९७१८ आणि ३८०५, क्षेप −१.
पूर्णांक मिळाले. आता या जोडीची स्वतःशी भावना :

१७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०, क्षेप १.

चारशे तीस वर्षांचे काम पाच-सहा पायऱ्यांत आटोपले.

१२/
या उत्तराच्या पोटात काय काय दडले आहे, तेही पाहण्याजोगे आहे.

१७६६३१९०४९ ही ८८३१५९५२४ आणि ८८३१५९५२५ या दोन लागोपाठच्या संख्यांची बेरीज आहे. त्यांतील पहिली २९७१८ चा पूर्ण वर्ग. दुसरी ३८०५ च्या वर्गाची बरोबर ६१ पट. म्हणजे शेवटच्या आधीच्या पायरीवरची दोन्ही मुळे या बेरजेत जशीच्या तशी उभी आहेत.

१३/
ही संख्या मूळ संख्या नाही. तिचे अवयव १५२३ × ११५९७६३ असे पडतात. १५२३ कोठे भेटला होता? अर्ध्या वाटेवर, अपूर्णांकाच्या जोडीत.

हा योगायोग नव्हे. १५२३/२ आणि १९५/२ ही जोडी भावनेने तीनदा एकत्र केली की हेच अंतिम उत्तर येते, आणि तिहेरी भावनेत मूळचे ज्येष्ठ नेहमी अवयव म्हणून बाहेर पडते. ब्रह्मगुप्ताच्या युक्तीचा ठसा असा त्या संख्येच्या अवयवांतच उमटलेला आहे.

१४/
आणखी एक गुण. १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागले असता ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि तेही इतके बिनचूक, की दशांशचिन्हापुढील सतरा स्थानांपर्यंत फरक दिसत नाही. वर्गप्रकृतीची मुळे मोठी असली की त्यांचा भागाकार वर्गमुळाच्या तितकाच जवळ जातो. ग्रहगणितात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नसे.

१५/
आता १६५७. स्थळ फ्रान्स. पिएर द फर्मा पेशाने कायद्याचा माणूस, गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पण त्या छंदात युरोपात त्याला तोड नव्हती. फेब्रुवारी १६५७ मध्ये त्याने इंग्रज आणि इतर गणितज्ञांना आव्हान दिले : कोणतीही वर्ग नसलेली संख्या घ्या, तिच्यासाठी असा वर्ग शोधा, की गुणाकारात १ मिळवला असता पुन्हा वर्ग येईल.

पॅरिसच्या फ्रेनिक्ल द बेसी याला लिहिताना त्याने, फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या देत आहोत, अशा आविर्भावात दोन उदाहरणे दिली : ६१ आणि १०९.

१६/
हा शुद्ध खट्याळपणा होता. शंभराच्या आतली सर्वांत अवघड संख्या ६१, आणि १०९ तर तिच्याही पलीकडची : तिची सर्वांत लहान मुळे १५१४०४२४४५५१०० आणि १५८०७०६७१९८६२४९.

भास्कराचार्य आणि फर्मा या दोघांनीही ६१ च का निवडला? कारण दोघांनाही आतले मर्म ठाऊक होते. वरवर किरकोळ दिसणारी, पण रीत माहीत नसलेल्याला हमखास अडवणारी संख्या हवी, तर एकसष्टासारखी दुसरी नाही. दोन परीक्षकांनी एकमेकांना न पाहता एकच प्रश्न काढावा, तसे हे झाले.

१७/
आव्हान इंग्लंडला पोहोचले. तेथे लॉर्ड ब्राउंकर याने प्रथम पाठवलेली उत्तरे अपूर्णांकात होती. ती सोपी असतात : ६१ साठी १६/३ आणि १२५/३ ही जोडी पाहा, दोन ओळींत निघते. अपूर्णांकातील उत्तराचा हा सोपा नियम भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही आहे. फर्माला हवे होते पूर्णांक, आणि त्याने तसे बजावले.

मग ब्राउंकरने खरी रीत शोधली आणि जॉन वॉलिसने ती मांडली. पत्रव्यवहार १६५८ मध्ये छापला गेला. फ्रेनिक्लने परीक्षा पाहण्यासाठी पुढे केलेल्या ३१३ या संख्येचे सोळा-सतरा अंकी उत्तर ब्राउंकरने एक-दोन तासांत काढले. चक्रवालाशी संबंध नसताना त्याने हे साधले. ते श्रेय त्याचेच.

१८/
मात्र ते श्रेय त्याला लाभले नाही. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने ही रीत जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रज गणितज्ञाच्या नावावर घातली. बहुधा वॉलिसचे पुस्तक वाचताना त्याची गफलत झाली. ऑयलरचा दबदबा असा, की नाव चिकटले ते चिकटलेच. आजही जगभरच्या पुस्तकांत या समीकरणाला ‘पेलचे समीकरण’ म्हणतात. ब्रह्मगुप्त नाही, भास्कराचार्य नाहीत, फर्मा नाही, ब्राउंकरही नाही. ज्याने ही रीत काढली नव्हती, त्याचेच नाव!

१९/
उत्तर प्रत्येक वेळी सापडतेच, याची सिद्धता १७६८ च्या सुमारास लाग्रांजने दिली. एकसष्टाचे कोडेही त्याच्या मार्गाने उलगडते.

वर्गमूळ हे अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात आणखी अपूर्णांक, अशा न संपणाऱ्या साखळीने लिहिता येते. या साखळीतील आकडे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. ६० आणि ६२ यांच्या साखळीत हे अंतर केवळ चार आकड्यांचे. ६१ च्या साखळीत अकरांचे. आवर्तन जितके लांब, तितके उत्तर साधारणपणे मोठे. आणि अकरा ही विषम संख्या असल्याने पहिल्या आवर्तनाला १ ऐवजी −१ हा क्षेप मिळतो (तेच ते २९७१८ आणि ३८०५). १ साठी दुसरे आवर्तन पुरे करावे लागते.

२०/
युरोपला भारतीय रीत केव्हा कळली? येथे इतिहासाने थोडी थट्टाच केली आहे.

‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद १६३४ च्या सुमारास शाहजहानच्या काळात झाला होता. अनुवादक अताउल्ला रुश्दी; ताजमहालाचा प्रमुख स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. म्हणजे फर्माने पत्र लिहिले तेव्हा एकसष्टाचे उत्तर संस्कृतच नव्हे, फारसीतही उपलब्ध होते. पण फारसीतून इंग्रजीत यायला १८१३ साल उजाडले, आणि मूळ संस्कृतावरून कोलब्रुकचा इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये आला. लाग्रांज १८१३ मध्येच वारला होता.

१८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जर्मन इतिहासकार हांकेलने लिहिले आहे, की लाग्रांजपूर्वी संख्याशास्त्रात याहून सुंदर काही साधलेले नाही.

२१/
दरम्यान भास्कराचार्यांचे ग्रंथ त्यांच्या मायभूमीत शिकवले जात होते, याचा दगडी पुरावा चाळीसगावजवळ पाटणे येथे सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या दानाचा हा लेख. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. पण मठाला गावातून कोणते हक्क मिळावेत, हा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. एकसष्टाचे गणित ज्या ‘बीजगणिता’त आहे, ते याच आजोबांचे.

२२/
आता एक अवघड गोष्ट. ‘पेल’ हे नाव चुकीचे म्हणून आपण ओरडतो, ते रास्तच आहे. पण ‘चक्रवाल भास्कराचार्यांनी शोधले’ असे जे सर्रास फिरवले जाते, तेही तपासून घ्यावे लागते.

भास्कराचार्य स्वतः तसे म्हणत नाहीत. या रीतीला ‘चक्रवाल’ म्हणतात, अशा आशयाचे त्यांचे शब्द आहेत. म्हणजे नाव आधीच रूढ होते. आणि चक्रवालात उत्तर दर वेळी सापडणारच, याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही. रीत बिनचूक आहे, ती नेहमी चालते. पण का चालते, हे तेथे लिहिलेले नाही. एकसष्टाचे उत्तर काढण्याचा मान कमी न करता हा फरक मान्य करता येतो. लाग्रांजची कामगिरी वेगळी ठरते ती येथेच.

२३/
चक्रवाल प्रत्येक वेळी १ वर पोहोचतेच, हे त्याच्या स्वतःच्या रीतीने दाखवून दिले ते १९२९ मध्ये, म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी. (इंग्रजी आणि कन्नडमधील विख्यात कवी ए. के. रामानुजन हे त्यांचे पुत्र.) चक्रवाल म्हणजे लाग्रांजच्या रीतीची नुसती जुनी आवृत्ती नव्हे, ती वेगळी आणि पुष्कळदा कमी पायऱ्यांत उरकणारी आहे, हेही त्यांनी मांडले.

२४/
मग चक्रवाल कोणाचे? १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी एका हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. ‘लघुभास्करीय’ या ग्रंथावर उदयदिवाकराने १०७३ मध्ये लिहिलेली ‘सुन्दरी’ नावाची टीका. (ज्याच्यावर ही टीका, तो भास्कर वेगळा, सातव्या शतकातला.) तिच्यात वर्गप्रकृतीविषयीचे काही श्लोक उतरवलेले आहेत आणि त्यांत चक्रवालाची रीत पूर्णपणे सांगितली आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या सत्त्याहत्तर वर्षे आधी.

श्लोकांचा कर्ता म्हणून उदयदिवाकराने आचार्य जयदेव असे नाव दिले आहे. गीतगोविंदकार जयदेव तो हा नव्हे. या गणितज्ञाचा एकही स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाही. दुसऱ्याच्या टीकेत उतरलेले तेवढे श्लोक उरले आहेत.